कोकणातील गरम पाण्याच्या झऱ्यांवर वीज तयार होऊ शकेल का?

कातळसडा (धागाकर्ता)

संगमेश्वर तालुक्यातील आमच्या घरापासून तुरळचे गरम पाण्याचे कुंड फार लांब नाही. आजीचे गुडघे धरले की तिला तेथे घेऊन जाण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे. ती काठाशी पाय सोडून बसे आणि मी कुंडातून बाहेर पडून पऱ्याकडे (ओढ्याकडे) वाहत जाणाऱ्या, पहाटेच्या गारव्यात वाफाळणाऱ्या पाण्याकडे पाहत बसे. एवढी ऊब रात्रंदिवस वाहून जाते आणि तिचे कोणी काहीच कसे करीत नाही, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे.

पालघर जिल्ह्यातील सातिवली, ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी, गणेशपुरी व अकलोली, रायगडातील उन्हेरे आणि सव, रत्नागिरीतील उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि पार राजापूरजवळचे उन्हाळे, अशी सुमारे साडेतीनशे किलोमीटरची ही माळ आहे. यातील काही गावांच्या नावांतच ऊन पाणी आहे. म्हणजे वाडवडिलांनी हा साठा फार पूर्वी ओळखला होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरात ३८१ गरम झऱ्यांची नोंद केली असून देशाची भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासूनच्या, विजेची क्षमता १०,६०० मेगावॅट असल्याचा अंदाज अनेक वर्षे सांगितला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरणही जाहीर केले. असे असताना आपल्याकडे या झऱ्यांवर एकही विजेचा दिवा का लागत नाही? एखाद्या ग्रामपंचायतीने आपल्या वाडीपुरता छोटा प्रकल्प उभारायचे ठरवले, तर ते शक्य आहे का? आणि तसे केल्यास कुंडाला धक्का पोहोचेल का?

जाणकारांनी सविस्तर लिहावे. सौर आणि पवन ऊर्जेवर येथे स्वतंत्र धागे आहेत, त्यामुळे चर्चा शक्यतो ऊन पाण्याभोवतीच ठेवावी ही विनंती.

घाटमाथा

विषय चांगला आहे. माझ्या मते अडचण तंत्रज्ञानाची नसून इच्छाशक्तीची आहे. संपूर्ण सह्याद्री लाव्हारसापासून बनलेला आहे, म्हणजे आपण अक्षरशः ज्वालामुखीवर राहतो. आइसलँडमध्येही ज्वालामुखी आहेत आणि त्यांनी त्याचे सोने केले. आपण मात्र त्यात फक्त आंघोळ करतो.

खडकवाचक

घाटमाथा यांचा प्रतिसाद वाचून राहवले नाही, कारण हा समज फार पसरलेला आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला. तो केव्हाच थंड झाला असून आज त्यात मूळची ऊब शिल्लक नाही. चुलीतील राख पाहून भाकरी भाजता येईल असे म्हणण्यासारखे ते आहे. आइसलँडची गोष्ट मुळातच वेगळी आहे. तेथे पृथ्वीच्या कवचाची दोन भूखंडे आजही एकमेकांपासून दूर सरकत आहेत आणि तप्त शिलारस काही ठिकाणी जमिनीखाली दोन-तीन किलोमीटरवर आहे. २००९ साली क्राफ्ला येथे खोल विहीर खोदताना छिद्र दोन किलोमीटरच्या थोडे पुढे गेले आणि थेट शिलारसालाच भिडले. असे आपल्याकडे कोठेही होणार नाही.

आपल्या कवचाची प्रत्यक्ष तपासणीही झाली आहे, मात्र ती वेगळ्या कारणासाठी. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयना परिसर जगभरातील भूकंपशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला. पुढे केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कराडला प्रयोगशाळा उभारून गोठणे येथे तीन किलोमीटर खोल चाचणी विंधन घेतले. तेथे लाव्हापासून बनलेल्या काळ्या दगडाचा थर सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतो आणि खाली अब्जावधी वर्षांचा जुना ग्रॅनाइट लागतो. अशा जुन्या, स्थिरावलेल्या कवचातून वर येणारा उष्णतेचा प्रवाह खंडांच्या सरासरीपेक्षा कमीच असतो. खोल गेल्यावर तापमान वाढते, पण ते सावकाश वाढते.

मग कोकणात पाणी ऊन का, हा प्रश्न उरतोच. पश्चिम किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या भेगांमधून पावसाचे पाणी खोलवर मुरते, खाली खडकाच्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वाट मिळाली की वर येते. त्या खडकातील बरीचशी उष्णता युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या अत्यंत सावकाश होणाऱ्या किरणोत्सर्गी क्षयातून येते. म्हणजे येथे ज्वालामुखीचा संबंध नसून पाण्याच्या लांबच्या प्रवासाचा आहे. झऱ्याजवळ उथळ बोअर मारल्यास तापमान झपाट्याने वाढताना दिसते आणि माणसे हरखून जातात, पण ती वाढ वर येणाऱ्या पाण्यामुळे असते. भेगेपासून दूर गेले की खडक पुन्हा आपल्या गतीने थंड असतो.

पाण्यात विरघळलेल्या सिलिका व इतर क्षारांच्या प्रमाणावरून ते खाली किती तापले असावे याचा अंदाज काढता येतो. कोकणातील झऱ्यांसाठी असा अंदाज १२० अंश सेल्सियसच्या आसपास निघालेला आहे. वर येईपर्यंत मात्र ते बरेच निवते, कारण वाटेत त्यात थंड पाणी मिसळते. उन्हवऱ्याला सुमारे ७० अंश, तुरळला ६० च्या आसपास आणि राजापूरच्या उन्हाळ्याला ४० च्या थोडे वर असे तापमान मिळते.

घाटमाथा

दुरुस्तीबद्दल आभार. म्हणजे माझी शाळेतील समजूत आज निकालात निघाली. तरीही ७० अंश कमी नाही. त्या तापमानाला हात भाजतो.

उष्मागतिकी

हात भाजण्यासाठी ७० अंश पुरेसे आहे. टर्बाइन फिरवण्यासाठी मात्र प्रश्न वेगळा विचारावा लागतो, आणि माझ्या मते या धाग्याचा गाभा तेथेच आहे.

उष्णतेपासून काम काढणाऱ्या कोणत्याही यंत्राला एक गरम टोक आणि एक थंड टोक लागते. किती काम निघेल हे दोन टोकांमधील अंतरावर ठरते, नुसत्या गरम टोकावर नाही. फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी १८२४ साली मांडलेली ही मर्यादा आजवर कोणालाही ओलांडता आलेली नाही. धबधब्याचे उदाहरण घेतले, तर पाणी किती उंचीवर आहे याइतकेच ते किती खाली पडू शकते यालाही महत्त्व आहे.

जगात ७० अंशांच्या आसपासच्या पाण्यावर वीज तयार झालेली आहे, ही पहिली चांगली बातमी. अलास्कातील चेना येथे २००६ साली ७४ अंशांच्या पाण्यावर प्रत्येकी २०० किलोवॅटची यंत्रे बसवली गेली. या पद्धतीत झऱ्याचे पाणी थेट टर्बाइनमध्ये जात नाही. ते कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला तापवते आणि त्या द्रवाची वाफ टर्बाइन फिरवते. आपल्या घरातील फ्रिजचे चक्र उलटे चालवले आहे असे समजा. त्या यंत्रांची कार्यक्षमता सुमारे ८.२ टक्के होती. तेथे थंड टोकासाठी ४ अंशांचे पाणी उपलब्ध होते, म्हणजे दोन टोकांत ७० अंशांचे अंतर मिळाले. कार्नोच्या सूत्राने कमाल मर्यादा २० टक्के निघते आणि प्रत्यक्षात तिच्या साधारण चाळीस टक्के हाती लागले.

आता हेच उन्हवऱ्याला लावू. गरम टोक ७० अंश, पण कोकणातील थंड टोक कोणते? वैशाखात पऱ्याला पाणी असले तर ते २८ ते ३० अंशांवर असते आणि हवा त्याहून गरम व दमट असते. अंतर उरते ४० अंशांचे. कमाल मर्यादा पावणेबारा टक्के आणि तिच्या चाळीस टक्के म्हणजे पावणेपाच. पाणी यंत्रातून जाताना स्वतःही निवत जाते, म्हणून चार टक्के धरणे प्रामाणिकपणाचे होईल.

उदाहरणादाखल समजा, एखाद्या झऱ्यातून सेकंदाला ५ लिटर पाणी मिळते आणि आपण ते ७० वरून ५० अंशांपर्यंत निववतो. त्यातून मिळणारी उष्णता सुमारे ४१८ किलोवॅट होते. तिच्या चार टक्के म्हणजे सोळा-सतरा किलोवॅट. पंप आणि थंड करण्याची व्यवस्था त्यातील काही वीज खाणार. बारा किलोवॅट हाती उरले तर आनंद मानावा. म्हणजे ४१८ किलोवॅटपैकी चारशेहून अधिक किलोवॅट आपण पुन्हा वाऱ्यावर सोडले.

कातळसडा (धागाकर्ता)

एवढे स्पष्ट गणित मी प्रथमच पाहिले. पण बारा किलोवॅट दिवसाचे चोवीस तास म्हणजे २८८ युनिट होतात. आमच्या वाडीतील बहुतेक घरांचे बिल महिन्याला शंभर युनिटांच्या आसपास येते. त्या हिशेबाने ऐंशी-पंच्याऐंशी घरे यावर चालतील, आणि भर पावसाळ्यातही. हे अगदीच टाकाऊ आहे का?

उष्मागतिकी

टाकाऊ मुळीच नाही, आणि चोवीस तास हा मुद्दा तुम्ही बरोबर पकडलात. त्यासाठीच तर जग या ऊर्जेकडे पाहते. सौर पॅनेल आपल्याकडे प्रत्येक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट देते असे धरल्यास, तेवढ्याच युनिटांसाठी बहात्तर किलोवॅटची पॅनेले आणि सात-आठ गुंठे जागा लागेल, शिवाय आषाढात हात आखडावा लागेल तो वेगळा. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वरचे ५ लिटर मी कल्पिले आहेत, ते कोणत्याही झऱ्याचे मोजमाप नाही. दुसरे म्हणजे सौर पॅनेल आज तालुक्याच्या गावी दुकानात मिळते आणि बिघडले तर दुरुस्त करणाराही मिळतो, उलट हे यंत्र मागवावे लागते आणि त्याचा मिस्त्री अजून आपल्याकडे तयार झालेला नाही.

भारतातील अनुभवही लहान आकारांचाच आहे. हिमाचलातील मणिकरण येथे ५ किलोवॅटचे प्रायोगिक यंत्र बसवले गेले होते. अलीकडे तेलंगणातील मणुगुरू भागात सिंगरेणी कोळसा कंपनीच्या क्षेत्रातील गरम पाण्यावर २० किलोवॅटचा प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला, आणि तो याच दोन द्रवांच्या पद्धतीचा आहे. कोकणाशी तुलना करायची तर आइसलँड सोडून मणुगुरूकडे पाहावे, असे मला वाटते.

हिशेबनीस

खर्चाची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. भूऔष्णिक प्रकल्पातील सर्वांत मोठा खर्च विहिरी खोदण्याचा असतो, आणि तो वीज मिळेल की नाही हे कळण्याआधीच करावा लागतो. बँकेला हे अजिबात आवडत नाही. खोल विहीर कोरडी निघाली, किंवा पाणी गरम पण अगदी थोडे निघाले, तर सगळे पैसे जमिनीत जातात. शेतकऱ्याला बोअरचे हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही, फक्त येथे बोअर दोन-तीन किलोमीटरची आहे. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही जगाची एकूण भूऔष्णिक वीजक्षमता सुमारे १६ हजार मेगावॅटपर्यंतच पोहोचली आहे. उन्हाळ्यात एकट्या महाराष्ट्राची कमाल मागणी याहून बरीच जास्त असते. जगात तिसऱ्या क्रमांकावर मानल्या जाणाऱ्या फिलिपिन्सची सगळी भूऔष्णिक क्षमता आपल्या कोयना प्रकल्पाच्या १,९६० मेगावॅटच्या आसपास आहे.

पण जेथे निसर्ग अनुकूल आहे तेथे हे गणित पूर्ण उलटते. केनियाने १९८१ साली ओल्कारिया येथे १५ मेगावॅटच्या पहिल्या संचाने सुरुवात केली आणि आज त्या देशाची सुमारे चाळीस टक्के वीज भूगर्भातून येते. दुष्काळात धरणे आटली की त्यांना हीच वीज तारते. त्यांच्या अनेक अभियंत्यांनी आइसलँडमध्ये प्रशिक्षण घेतले. नुसती यंत्रे न आणता त्यांनी माणसेही घडवली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मावळतीचा_वारा

तौपोजवळ, न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, गेली काही वर्षे राहतो. घरापासून थोड्या अंतरावर वैराकेईचे भूऔष्णिक वीजकेंद्र आहे. रस्त्याच्या कडेने चांदीसारख्या चमकणाऱ्या वाफेच्या नळ्या धावतात आणि मध्येच कमानीसारखे वळण घेऊन पुन्हा सरळ होतात. तापल्यावर धातू लांबतो, त्याला जागा मिळावी म्हणून ही वळणे असतात. इटलीत लार्देरेल्लो येथे पिएरो जिनोरी कोंती यांनी १९०४ साली भूगर्भातील वाफेवर पाच दिवे लावून दाखवले होते, पण तेथे कोरडी वाफ होती. वाफ आणि उकळते पाणी एकत्र वर येते अशा जागी मोठ्या प्रमाणावर वीज तयार करण्याची सुरुवात १९५८ साली वैराकेईत झाली.

धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न कुंडाला धक्का पोहोचेल का असा होता, त्यावर वैराकेईने दिलेले उत्तर कठोर आहे. सुरुवातीच्या काळात वापरलेले पाणी जमिनीत परत न सोडता नदीत सोडले जाई. खालचा दाब उतरत गेला, जवळच्या खोऱ्यातील नैसर्गिक कारंजी बंद पडली आणि एका भागात जमीन १४ मीटरहून अधिक खचली. हे कोणी दुष्टपणे केले नाही, तेव्हा पुरेसे ज्ञानच नव्हते. आज येथे वापरलेले पाणी पुन्हा खाली सोडण्यावर भर आहे. कॅलिफोर्नियातील गीझर्स या जगातील सर्वांत मोठ्या क्षेत्रातही १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाफेचा दाब उतरू लागला होता. शेवटी शहरांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नळांनी डोंगरावर नेऊन जमिनीत सोडावे लागले. नवीकरणीय या शब्दावर यामुळे थोडे तपासून विश्वास ठेवावा. उष्णता पुन्हा भरून येते, पण तिची आणि आपल्या घाईची गती एक नसते.

दुसरे उदाहरण रोटोरुआ शहराचे, आणि ते कोकणाला अधिक जवळचे आहे. तेथे मोठा वीजप्रकल्प नव्हता. घरोघरी, हॉटेलोहॉटेली लोकांनी बोअर मारून गरम पाणी उपसले आणि पोहुटू या प्रसिद्ध कारंज्याच्या परिसरातील झरे मंदावू लागले. १९८० च्या दशकात सरकारने कारंज्याभोवतीच्या दीड किलोमीटरच्या आतील बोअर बंद करायला लावले. त्यावर बराच वाद झाला, पण पुढच्या काळात झरे सावरले.

कुंडकाठ

वरचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. मी अशाच एका कुंडाच्या गावची आहे. आमच्याकडे कुंडाच्या आसपास गेल्या काही वर्षांत राहण्याच्या सोयी वाढल्या आहेत आणि प्रत्येकाला आपल्या आवारात ऊन पाणी हवे आहे. गावातील ज्येष्ठ म्हणतात की पूर्वी कुंडात उतरवत नसे, आता मुलेही सहज बसतात. हे खरे की आठवणीचा भाग, हे सांगणे अवघड आहे, कारण तापमानाची नोंदवही कोणीच ठेवलेली नाही. वीजप्रकल्पाच्या आधीच आपण रोटोरुआ करून ठेवत आहोत का?

कुंडाशी देवस्थान आहे, नवस आहेत, त्वचेच्या विकारासाठी दुरून येणारी माणसे आहेत, आणि त्यांवर चालणारी नारळाची, चहाची दुकाने आहेत. उद्या कोणी विजेच्या नावाखाली कुंडाला नळ जोडू म्हणाले तर गाव विरोध करील, आणि त्या विरोधाला मी अडाणीपणा म्हणणार नाही.

हिशेबनीस

कुंडकाठ यांचा मुद्दा जपानमध्ये शब्दशः घडलेला आहे. भूऔष्णिक साठ्यांच्या बाबतीत जपान जगात पहिल्या तीनांत गणला जातो, तरी त्यांची स्थापित क्षमता सुमारे ६०० मेगावॅटच्याच आत आहे. बरेच साठे राष्ट्रीय उद्यानांत आहेत हे एक कारण, आणि ऊन पाण्याच्या स्नानगृहांच्या मालकांची आपले झरे आटण्याची भीती हे दुसरे. अभियंते त्यांना आकडे दाखवत राहिले, पण भीती आकड्यांनी गेलेली नाही.

खडकवाचक

विषय थोडा उत्तरेकडे नेतो, कारण देशात खऱ्या अर्थाने विजेची आशा असलेली जागा लडाखमधील पुगा आहे. सुमारे ४,४०० मीटर उंचीवरच्या या खोऱ्यात पाणी ८४ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे झऱ्याचे तापमान पाहून खालचा अंदाज बांधू नये. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तेथे पूर्वी ३४ विंधने घेतली, पण सर्वांत खोल विंधन ३८५ मीटरचे होते, आणि तेवढ्यातही वाफमिश्रित पाणी मिळाले. हिमालयाचे कवच तरुण आहे, दोन भूखंडांच्या टकरीत तापलेले आहे, आणि हवा इतकी थंड की वर सांगितलेले थंड टोक निसर्गच पुरवतो. ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये लडाख प्रशासनाबरोबर करार करून १ मेगावॅटच्या पहिल्या टप्प्याचे काम हाती घेतले. २०२२ साली खोदताना भूगर्भातील द्रव बाहेर येऊन पुगा नाल्यात मिसळला आणि काम थांबवावे लागले. हे खोरे चांगपा मेंढपाळांच्या चराईचे आहे आणि परिसरात काळ्या मानेचे क्रौंच येतात. अशा जागी बोअर मारताना चूक परवडत नाही.

भूकंपाचा मुद्दाही राहिला आहे. जेथे खडक गरम पण कोरडा असतो तेथे दाबाने पाणी सोडून भेगा रुंदावण्याची पद्धत वापरतात. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे डिसेंबर २००६ मध्ये असे करताना ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि पुढे प्रकल्प सोडून द्यावा लागला. दक्षिण कोरियातील पोहांग येथे नोव्हेंबर २०१७ मध्ये ५.५ च्या आसपासचा भूकंप झाला, माणसे जखमी झाली, आणि सरकारी चौकशीने त्याचा संबंध तेथील भूऔष्णिक विहिरींतील पाण्याशी जोडला. अमेरिकेत युटा व नेवाडा भागात हीच पद्धत आता आडव्या विहिरी आणि काटेकोर देखरेखीसह वापरली जात असून तिचे परिणाम आशादायक आहेत. पण धरणाच्या पाण्याने भूकंप होतात हे ज्या कोयनेने जगाला शिकवले, तिच्या शेजारी खडकात दाबाने पाणी सोडायचा प्रस्ताव आला, तर मी स्वतः सुनावणीला जाऊन हरकत नोंदवीन.

सुकटवाली

मी हर्णैची. घरचा व्यवसाय मासळीचा. वरचे सगळे वाचून एक साधी शंका आली. उष्मागतिकी यांच्या गणितात ४१८ मधले चारशे किलोवॅट वाऱ्यावर जातात, कारण आपण उष्णतेची वीज करायला निघालो आहोत. आम्हांला वीज नकोच आहे, ऊबच हवी आहे. पावसाळ्यात बोंबील, सुकट वाळत नाही, आमसुले बुरसतात, आंबापोळीवर ढग आले की घरात रडारड होते. ६०-७० अंशांचे पाणी नळीतून फिरवून त्यावरून वारा सोडला तर वाळवणघर होणार नाही का?

उष्मागतिकी

होईल, आणि या धाग्यावरील सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. ऊब म्हणूनच ऊब वापरली तर त्या ४१८ पैकी निम्म्याहून बराच जास्त भाग कामी येऊ शकतो. आइसलँडची खरी कमाईसुद्धा विजेत नाही. त्यांची बहुतांश वीज जलविद्युत आहे, भूगर्भातून साधारण तीस टक्केच येते. पण दहापैकी नऊ घरे भूगर्भातील पाण्याने ऊबदार राहतात. याची सुरुवात १९३० साली रेक्याविकमध्ये तीन किलोमीटर लांबीच्या नळाने एका शाळेपर्यंत गरम पाणी नेऊन झाली. शिवाय तुमच्या व्यवसायाचेच उदाहरण तेथे आहे. कॉड माशाची डोकी आणि काटे भूऔष्णिक उष्णतेवर वाळवून ते नायजेरियाला विकतात.

आंब्यासाठी थंडाव्याचाही विचार करता येईल. उष्णतेवर चालणारी शीतयंत्रे असतात. मणिकरणला साडेसात टनांचे शीतगृह याच तत्त्वावर प्रायोगिकरीत्या चालवले गेले होते. अलास्कातील चेना येथे तर ७४ अंशांच्या पाण्यावर बर्फाचे संग्रहालय उन्हाळ्यात गोठलेले ठेवतात. अर्थात तेथेही थंड नदी मदतीला आहे. कोकणात ते जड जाईल, म्हणून आधी वाळवण आणि नंतर शीतगृह असाच क्रम मी ठेवीन.

मावळतीचा_वारा

येथील मोकाई गावात माओरी मालकीचा दूध पावडरीचा कारखाना भूऔष्णिक वाफेवर चालतो. जमीन त्यांची, वाफ त्यांच्या जमिनीखालची, कारखान्यात हिस्सा त्यांचा. कुंडकाठ यांच्या प्रतिसादातील विरोध अशा ठिकाणी फारसा उरत नाही, कारण बाहेरचा कोणी येऊन नळ जोडत नसतो. आपल्याकडे सहकारी दूध संघ आणि मच्छीमार सोसायट्या आहेतच.

कुंडकाठ

कुंडातून वाहून जाणारे पाणी, म्हणजे आंघोळीनंतरचे, वापरले तर माझी हरकत नाही. कुंडाच्या वरून घेतले तर आहे. बोअर मारला तर फारच आहे.

उष्मागतिकी

मान्य. वाळवणघरासाठी बोअर लागतही नाही, सांडव्याचे पाणी चालेल. ते काही अंश निवलेले असेल, तेवढाच तोटा. पाणी क्षारयुक्त असल्याने साध्या लोखंडी नळ्या काही वर्षांत सडतील आणि आतून पुटे धरतील. म्हणून झऱ्याचे पाणी एका बाजूने व स्वच्छ पाणी दुसऱ्या बाजूने जाईल असा, उघडून घासता येणारा हीट एक्स्चेंजर मधे बसवावा लागेल. बाकी पंखा आणि जाळीच्या ट्रे. पंख्याची वीज छपरावरच्या दोन पॅनेलांतूनही येईल, पण धागाकर्त्यांनी सौर ऊर्जेला मनाई केली असल्याने येथेच थांबतो.

कातळसडा (धागाकर्ता)

मनाई मागे घेतो. वीज करायला निघालो होतो आणि वाळवणघरापाशी पोहोचलो, पण हेच अधिक जमण्यासारखे दिसते. मेमध्ये गावी जाणार आहे. ग्रामपंचायतीशी बोलण्याआधी नेमके काय मोजून आणू, ते कोणीतरी सांगावे.

खडकवाचक

तीन गोष्टी मोजा. सांडव्याच्या तोंडाशी ठरावीक मापाची बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते पाहा, आणि हे दिवसातून निदान पाच वेळा करा, कारण स्नानाच्या गर्दीने प्रवाह वरखाली होतो. सांडव्याच्या तोंडाशीच पाण्याचे तापमान घ्या, कुंडात नाही. पऱ्याचे पाणी आणि सावलीतील हवेचे तापमानही त्याच वेळी लिहा, म्हणजे थंड टोक कळेल. मेमधील आकडे सर्वांत कमी प्रवाहाचे असतील, म्हणून भाद्रपदात कोणाकडून तरी हेच पुन्हा करून घ्या. वाळवणघराची खरी गरज तेव्हाच्याच दिवसांत आहे आणि मुरलेल्या पावसाने झरा त्या वेळी निवतो की नाही, हेही त्यातून दिसेल.

कुंडकाठ

शंभर अंशांपर्यंतचा थर्मामीटर घ्या, तापाचा नव्हे. आणि हे सगळे एका वहीत लिहून ती वही देवळात ठेवा. आमच्या गावासाठीही अशी एक वही मी या पाडव्यापासून सुरू करते.

सुकटवाली

पाच किलो ओले बोंबील मी देते. आधी एक ट्रे तरी करून पाहा.